रेगोलोची तीनशे अठरा भोकं

"बटाटे आहेत का ते?" गाउदेन्झो पेरोना म्हणाला. "गाडी आहे. गाडीवरून हात फिरवायचा असतो. काट्यावर कसली घालताय?"

इंजिनियर रावेरानं मान वर केली नाही. अंगात राखाडी सूट, गुडघ्यांखाली घडी केलेलं वर्तमानपत्र, अशा थाटात तो जमिनीवर बसला होता आणि चार चाकांपुढे चार चपटे वजनकाटे मांडत होता; वेदीवर मेणबत्त्या मांडाव्यात तितक्या सावकाश. जुन्या गाड्यांच्या क्लबचा तो तपासनीस. तो हो म्हणाला की गाडी अस्सल. तो नाही म्हणाला की गाडी म्हणजे नुसता चकचकीत पत्रा.

"मेस्त्री पेरोना," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही ती हलकी म्हणून विकताय. हलकी आहे का, एवढंच बघतोय मी."

हलकी. या एका शब्दापायी सहा वर्षं गेली होती.

रेगोलो हा मुळात एक पक्षी. आल्प्सच्या देवदारांत राहतो, डोक्यावर पिवळा तुरा आणि सगळ्या अंगाचं वजन वीस सेंटच्या नाण्याएवढं. सांगोने नदीच्या काठी, आता जिथे गाद्यांचं दुकान आहे तिथे, साठ वर्षांपूर्वी एका छोट्या कारखान्यात त्या नावाची मोटार व्हायची. दोन माणसांची, बसकी, पाठीवर उतरतं छप्पर असलेली, इंजिन मागे. त्यातल्या एकोणीस गाड्या डोंगरचढणीच्या शर्यतींसाठी खास हलक्या केल्या होत्या. आत-बाहेर पातळ ॲल्युमिनियम, आणि जे नसलं तरी चालेल ते सगळं काढून टाकलेलं. एकोणिसांतल्या किती उरल्या हे कुणी खात्रीनं सांगत नसे. कुणी पाच म्हणे, कुणी चार. त्यातली एक तूरिनजवळच्या ग्रुल्यास्कोमधल्या गाउदेन्झोच्या कारखान्यात उभी होती. रंग मलईचा. पुढून पाहिलं तर झोपेतून नुकतंच उठलेलं मूल, मागून पाहिलं तर नदीतला गोटा.

दाराशी दोघीजणी उभ्या होत्या. एक त्याची बायको एर्मेलिंदा. चॉकलेटच्या कारखान्यात बत्तीस वर्षं वड्यांना सोनेरी कागद गुंडाळून निवृत्त झालेली, बोटं अजून चपळ आणि जीभ बोटांहून. दुसरी गिऱ्हाईक. विट्स्के टर्पस्ट्रा, हॉलंडच्या उत्तरेकडची दातांची डॉक्टर, उंच, केस मुलांसारखे कापलेले, गाडी न्यायला रिकामा ट्रेलर घेऊन बाराशे किलोमीटर आलेली. रावेरानं हो म्हटलं की ती पैसे देणार होती. तिनं पैसे दिले की पेरोना नवराबायको समुद्रकाठी व्हाराझ्झेला राहायला जाणार होते. एर्मेलिंदाच्या बहिणीचा, पिनुच्चाचा, तिथे वरचा मजला होता, दोन खोल्या आणि लिंबाचं झाड दिसणारी गच्ची, आणि बहिणीनं निक्षून सांगितलं होतं, सान जोव्हान्नीच्या सणापर्यंत थांबेन, मग दुसऱ्याला देऊन टाकेन. आज एप्रिलची बारा तारीख होती. सण जूनच्या चोविसाला.

गाउदेन्झोला तर जायचंच होतं. सेहेचाळीस वर्षं पत्रा ठोकून उजवा कान गेला होता, आणि उजवं मनगट सकाळी उठल्यावर कपाचा कान धरू देत नव्हतं.

रावेरानं गाडी काट्यांवर चढवली. चारही काट्यांवरचे आकडे वहीत लिहिले, बेरीज केली, पुन्हा केली.

"पाचशे एकवीस."

"मग?"

"कारखान्याच्या कागदावर चारशे शहाण्णव आहे. पंचवीस किलो जास्त."

"पंचवीस किलो?" एर्मेलिंदा दारातून म्हणाली. "लग्नानंतर माझंही तेवढंच वाढलं, इंजिनियरसाहेब. म्हणून काय मी नकली झाले?"

टर्पस्ट्रा हसली. रावेरासुद्धा हसला असावा, कारण त्यानं चष्मा पुसला. गाउदेन्झो मात्र हसला नाही. पंचवीस किलो कुठले ते त्याला चांगलं ठाऊक होतं. दारांच्या पोटात त्यानं लोकरीचा नमदा भरला होता, दार कसं मऊ लागावं म्हणून. खिडक्यांना प्लास्टिकऐवजी खरी काच बसवली होती, कारण प्लास्टिकवर ओरखडे येतात. सांध्यांमध्ये कथिल ओतून ते पाण्यासारखे सपाट केले होते. रंगाचे नऊ हात. सगळं प्रेमानं केलं होतं, आणि प्रेमाला वजन असतं हे काट्यावर आत्ता कळत होतं.

"नमदा काढतो. काच काढतो," तो घुश्शातच म्हणाला. "दोन दिवसांचं काम. झालं?"

"वजनाचं झालं," रावेरा म्हणाला. "ते उतरवता येतं. मला दुसरंच बघायचंय."

त्यानं पिशवीतून एक बारीक बॅटरी काढली, काठीला लावलेला आरसा काढला, आणि सूटची पर्वा न करता सीटमागच्या पोकळीत डोकं घातलं. मग दाराच्या आतलं अस्तर उचकटलं. मग सीटखाली पाहिलं. बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा वाईट बातमी आणणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"भोकं कुठायत?"

"कसली भोकं?" गाउदेन्झो म्हणाला.

"बिएल्लाच्या एका माणसाकडे अशीच हलकी रेगोलो आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ती आतून उघडली. सीटमागची भिंत, दारांचं पोट, सीटखालचे पट्टे, सगळीकडे भोकं. शर्यतीच्या आदल्या दिवशी कारखान्यातल्या मेकॅनिकांनी घाईघाईनं ड्रिल मारून पाडलेली. नकाशा नाही, माप नाही. सुचेल तिथे पाडली, गाडी आणखी हलकी व्हावी म्हणून. कुठल्याच कागदावर त्यांचा उल्लेख नाही, म्हणून तर ती खरी खूण. नकली गाडी करणाऱ्याला ती माहीत असण्याचं कारणच नाही." त्यानं बॅटरी विझवली. "तुमच्या गाडीत एकही नाही."

 

भोकं होती. तीनशे अठरा होती. गाउदेन्झोनंच बुजवली होती.

गाडी त्याला व्हाराइता खोऱ्यात मिळाली होती, कोस्तान्त्सो नावाच्या चीजवाल्याच्या गोठ्यात. या माणसानं तीस वर्षं त्या शर्यतीच्या गाडीतून बाजाराला तोमा चीजच्या चकत्या नेल्या होत्या. सीटमागे फळ्या ठोकलेल्या, दारांच्या पोटात गवत, आणि आतला सगळा पत्रा चाळणीसारखा. वेडीवाकडी भोकं, एक मोठं, एक छोटं, कडांवर काटे तसेच राहिलेले. गाडीला वास असा, की पहिले तीन महिने एर्मेलिंदानं त्याचे कपडे अंगणात वाळत ठेवले. या मुलखात जन्मलेल्या कुठल्याही माणसाला जे वाटलं असतं तेच गाउदेन्झोला वाटलं. तोमा बंद ठेवली तर घामेजते. तोमाला वारा लागतो. चीजवाल्यानं चीजसाठी भोकं पाडली. आणि कारखान्यातल्या मेकॅनिकनं असं गबाळं ड्रिल मारलं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. त्या कारखान्यातली माणसं त्यानं लहानपणी पाहिली होती. ती टोपीसुद्धा खिळ्याला सरळ टांगत.

एक अख्खा हिवाळा त्यानं ती भोकं बुजवली. एकेका भोकाच्या मापाची चकती कापायची, बसवायची, वेल्ड करायची, घासायची, मग मागून लाकडी ठोकळा लावून पुढून हातोडी. त्याच्या उमेदवारीच्या दिवसांत पत्रेवाले ठोकताना एक कडवं म्हणत, तेच तो त्या हिवाळ्यात पुटपुटत होता:

हळू गं हातोडी, पत्रा झोपला
घाव त्याचा त्याने पोटी झाकला
हळू गं हातोडी, कड गेली कुठे
डोळ्याला दिसेना, बोटाला भेटेना

आणि खरंच बोटाला भेटेना. एर्मेलिंदाला डोळे मिटून हात फिरवायला लावलं होतं त्यानं. तिला एकही सापडलं नव्हतं. उभ्या आयुष्यात इतकं सुंदर काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

आणि आता हा सूटवाला विचारत होता, भोकं कुठायत.

सांगून टाकावं. मीच बुजवली म्हणावं. पण कसं? सेहेचाळीस वर्षं मुरलेला पत्रेवाला, तूरिनच्या आसपास ज्याच्याकडे लोक लांबून लांबून गाड्या आणत, त्यानं शर्यतीच्या गाडीची खूण चीजची समजून पुसली. हे वाक्य कुणाला ऐकवायचं?

"माझ्या गाडीला भोकं नव्हती," तो म्हणाला.

एर्मेलिंदानं त्याच्याकडे पाहिलं.  ती बोलली नाही म्हणजे पुढे बोलणार, हे चाळीस वर्षांत तो शिकला होता.

रावेरानं वही मिटली. "मग ही साधी रेगोलो आहे आणि हलकं ॲल्युमिनियम तिच्यावर नंतर कुणीतरी चढवलंय. काम उत्तम आहे, पण हलकीचं प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही. माफ करा."

टर्पस्ट्रा गाडीभोवती एक फेरी मारून आली. तिचं इटालियन शाळेतल्या मुलीसारखं होतं, एकेक शब्द पुसून ठेवलेला. "गाडी सुंदर आहे. पण मला सुंदर नको. मला डोंगरावर पळवायची आहे, आणि हलक्यांच्या शर्यतीत कागदाशिवाय घेत नाहीत. मी जूनच्या सुरुवातीला परत येते आहे इकडे. तोपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका. नंतर मी दुसरी बघेन."

ट्रेलर जसा आला तसा रिकामा गेला. कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याचा खडखडाट ऐकू येत होता, गाउदेन्झोच्या बहिऱ्या कानालासुद्धा.

जेवायला सारण भरलेल्या आन्योलोत्ती होत्या. एर्मेलिंदानं ताट त्याच्यापुढे ठेवलं, स्वतःचं घेतलं, वाइन ओतली आणि मग म्हणाली, "नव्हती?"

"काय?"

"भोकं. एका हिवाळ्यात मी तुझ्यासाठी तीनशे वेळा डोळे मिटले, देन्सो. माझ्या पापण्यांना घट्टे पडले. आणि नव्हती?"

त्यानं काटा खाली ठेवला. "त्याच्यासमोर काय सांगू? चीजसाठी आहेत असं वाटलं, म्हणून सांगू? उद्या सगळ्या पिएमोंतमध्ये सांगत फिरेल."

"मग फिरू दे."

"तुला काय जातंय! तू कागद गुंडाळायचीस. वडीवर कुणी तुझं नाव लिहीत नव्हतं."

हे बोलायला नको होतं, हे बोलता बोलताच त्याला कळलं. एर्मेलिंदानं शांतपणे पाव मोडला.

"बरोबर," ती म्हणाली. "नाव कुणी लिहीत नव्हतं. बत्तीस वर्षं. म्हणून मला माहितीय, नाव नसलं तरी माणूस मरत नाही. पिनुच्चाचा फोन आला होता. वरचा मजला कुणी जेनोआचं जोडपं बघून गेलंय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही." मग वाटी पुढे सरकवली. "चीज घालू, की भीती वाटते आता?"

त्यानं चीज घेतलं नाही. आन्योलोत्तीही अर्ध्या टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यात गेला, सीट काढली, हातात ड्रिल घेतलं आणि सीटमागच्या भिंतीपुढे उकिडवा बसला. पाडायची पुन्हा, आणखी काय. तीनशे अठरा. पण कुठे? पहिलं कुठे होतं? वरच्या कोपऱ्यात दोन मोठी होती, त्यांच्यामध्ये एक छोटं, की दोन छोटी? फोटो काढलेले नव्हते. कुरूप गोष्टीचा फोटो काढावा असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्यानं ड्रिल पत्र्याला टेकवलं. हात थांबला. मनगट दुखत होतं म्हणून नव्हे. पत्रा पाण्यासारखा सपाट होता. त्यात पुन्हा भोक पाडायचं म्हणजे नुकत्याच झोपवलेल्याला लाथ मारायची. आणि पाडली तरी ती त्याची भोकं होणार, सरळ, गोल, नीटनेटकी. घाईत, वेड्यावाकड्या हातानं भोक पाडायला त्याला जमलंच नसतं. रावेराला एका नजरेत कळलं असतं. मग गाडीही गेली असती आणि नावही, दोन्ही एकदम.

एर्मेलिंदा कॉफी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काय करतोयस?"

"काही नाही."

"ड्रिल हातात घेऊन काही नाही?"

"पाडता येत नाहीत!" तो ओरडला. ड्रिल बाकावर आदळलं. "पाडली तर खोटी! नाही पाडली तर खोटी! होती तेव्हा खरी होती, आणि मी गाढवानं ती इतकी चांगली बुजवली की आता देव आला तरी दाखवता येणार नाहीत! थोडं वाईट काम केलं असतं ना, थोडं तरी वाईट, तर आज आपण व्हाराझ्झेला सामान बांधत असतो!"

एर्मेलिंदानं कॉफी बाकावर ठेवली. भिंतीपुढे वाकून ती बोटं फिरवू लागली, त्या हिवाळ्यात फिरवायची तशी.

"पण आत आहेत ना ती? की चकत्या हवेत गेल्या?"

"आत आहेत. गेलीत कुठे."

"तुला दिसतात?"

"मला न बघता दिसतात."

"मग दुसऱ्याला दिसायला काय करावं लागेल?"

उत्तर त्याला माहीत होतं. ते रात्रभर त्याच्या उशीखाली खुपत होतं आणि तो कूस बदलून त्याच्यावर झोपत होता. जोडाला जी तार वितळवून लावतात तिचा धातू पत्र्याहून जरा वेगळा असतो. रंगाखाली काही कळत नाही. पण रंग उतरवला, पत्रा उघडा केला आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं पुसला, तर पत्रा पांढरा पडतो आणि जोड काळवंडतो. प्रत्येक जोड. प्रत्येक चकतीभोवती एक काळी कडी.

"सगळा आतला रंग काढावा लागेल," तो म्हणाला. "नऊ हात. घासून पांढरं करावं लागेल. आणि मग जे दिसेल ते माझं. माझी चूक, गोल गोल, तीनशे अठरा वेळा."

"बरं," एर्मेलिंदा म्हणाली. "कॉफी गार होतेय."

त्यानं पाच आठवडे घालवले. रंग काढायचं औषध लावलं की रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतायचा आणि पट्टीनं ओरबाडला की गोळा व्हायचा. दोन हिवाळ्यांचं काम एका वसंतात बादलीत पडत होतं. नमदा काढला, काचा काढल्या, सांध्यांतलं कथिल वितळवून काढलं. प्रत्येक गोष्ट काढताना तो शिव्या देत होता. रावेराला, चीजवाल्याला, कारखान्यातल्या त्या मेलेल्या मेकॅनिकांना. "कानस नव्हती का तुमच्याकडे? कडा घासायला पाच मिनिटं नव्हती? शर्यत उद्या होती म्हणून काय कामाला काम म्हणायचं नाही?" मेलेली माणसं उत्तर देत नाहीत, म्हणून तो आणखी चिडायचा. मनगट सुजलं. एर्मेलिंदा रोज कोबीचं पान ठेचून बांधायची आणि तो रोज म्हणायचा की त्यानं काही होत नाही. दुसऱ्या दिवशी हात आपणच पुढे करायचा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं रबरी मोजे घातले, बादलीत सोडा कालवला आणि सीटमागच्या भिंतीवर पहिला बोळा फिरवला.

आधी काही दिसलं नाही. नुसता फेस. मग त्यानं साध्या पाण्यानं धुतलं, आणि पांढऱ्या पत्र्यावर हळूहळू, तळ्यावर पावसाचे पहिले थेंब पडून वर्तुळं उमटावीत तशा कड्या उमटल्या. एक मोठी. एक छोटी. दोन एकमेकींना चिकटलेल्या, बहिणींसारख्या. एक इतकी काठाला, की ड्रिल घसरून गेलं असणार आणि कुणीतरी शिवी दिली असणार. त्याला वाटलं त्याला ती शिवी ऐकू आली, तूरिनच्या बोलीत, साठ वर्षांपलीकडून. वरच्या कोपऱ्यात दोन मोठी होती आणि मध्ये छोटं एकच होतं. त्याला दोन वाटली होती.

तो स्टुलावर बसून बघत राहिला. वाईट काम होतं. घाईचं, गबाळं, कुणाचंही नाव नसलेलं. आणि त्याभोवती त्याचं स्वतःचं काम, कडीसारखं बारीक, सारखं, कुठे जाड नाही कुठे पातळ नाही. दोन्ही एकदम दिसत होतं. याआधी त्याचं काम त्याला कधी दिसलंच नव्हतं. दिसू नये यासाठीच तर तो आयुष्यभर राबला होता. डोळे चुरचुरले ते सोड्यामुळे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

जूनच्या तीन तारखेला रावेरा पुन्हा आला. या वेळी गडद निळा सूट. मागोमाग टर्पस्ट्राचा ट्रेलर. गाउदेन्झोनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सीट आधीच काढून ठेवली होती, दारांची अस्तरं काढली होती.

"ही घ्या तुमची भोकं," तो म्हणाला.

रावेरा आत शिरला. बॅटरी पेटली. बूट हलले नाहीत. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. मग आतून आवाज आला, "हे कुणी केलं?"

"मी."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, नव्हती."

"मागच्या वेळी मी खोटं बोललो."

रावेरा बाहेर आला. हातात बिएल्लाच्या गाडीचे फोटो होते. तो एकेक फोटो भिंतीशी धरून बघू लागला. दोन गाड्यांची भोकं एकमेकांसारखी नव्हती, आणि नसणारच होती. पण हात एकच होता. उजव्या कोपऱ्यात सुरुवात, डावीकडे येता येता कंटाळलेला, शेवटी शेवटी ड्रिल तिरपं. बिएल्लामध्येही तो डावीकडेच कंटाळला होता.

"हाच माणूस," रावेरा हलकेच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा तपासनीस गळून पडला होता. "तोच माणूस, मेस्त्री पेरोना! पण तुम्ही बुजवली का?"

गाउदेन्झोनं एर्मेलिंदाकडे पाहिलं. तिनं मदत केली नाही.

"तोमासाठी आहेत असं वाटलं."

"कशासाठी?"

"चीज! तोमा! तोमाला वारा लागतो की नाही? तुम्ही कुठले, मिलानचे?"

रावेरा हसायला लागला. थांबवायचा प्रयत्न केला, चष्मा काढला, रुमाल काढला, काही उपयोग झाला नाही. टर्पस्ट्रानं काय झालं म्हणून विचारलं. एर्मेलिंदानं तिला दोन्ही हातांनी चकती दाखवत, नाक मुरडत समजावलं, आणि तीही हसली, तिच्या त्या लांब, मोकळ्या हसण्यानं. कारखान्यात तिघं हसत होते. गाउदेन्झोचा कान तापला, चांगला तोच.

वजन चारशे अठ्ठ्याण्णव भरलं. रावेरानं ते मान्य केलं. मग तो बाकावर कागद पसरून लिहायला बसला, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

"गाडी मूळ हलकी आहे. आतल्या पत्र्याची तीनशे अठरा भोकं कारखान्याची असून, जीर्णोद्धाराच्या वेळी ग्रुल्यास्को येथील गाउदेन्झो पेरोना यांनी ती चीज वाहण्यासाठी पाडली गेली असावीत अशा समजुतीनं बुजवली. जोडांच्या कड्या उघड्या आहेत. यापुढे त्या रंगवू नयेत अगर भोकं पुन्हा उघडू नयेत."

"चीज काढा," गाउदेन्झो म्हणाला.

"का बुजवली ते लिहावंच लागतं."

"नाव तरी काढा. 'एका कारागिरानं' लिहा."

"नाव काढलं तर हे कुणी पाहिलं, कुणी केलं, कशावरून? भोकं होती याचा साक्षीदार फक्त तुम्ही आहात. तुम्ही सही केली तरच ती होती." रावेरा आता हसत नव्हता. "ही नोंद गाडीबरोबर जाते, मेस्त्री. गाडी असेपर्यंत. मला त्याला इलाज नाही."

गाउदेन्झो उठून गाडीभोवती फिरला. बाहेरून ती अजून मलईची होती, गोट्यासारखी. सेहेचाळीस वर्षांत त्यानं शेकडो गाड्या ठोकल्या होत्या आणि एकीवरही त्याचं नाव नव्हतं. पत्रेवाल्याचं नसतंच. नाव कारखान्याचं, नाव चालवणाऱ्याचं. आता पहिल्यांदा कुठेतरी लिहिलं जाणार होतं, आणि काय म्हणून? चीजवाला म्हणून! हॉलंडमध्ये वाचतील, जर्मनीत वाचतील. पन्नास वर्षांनी कुणी परका माणूस बॅटरी घेऊन आत शिरेल, आणि हसेल.

"देन्सो," एर्मेलिंदा म्हणाली. एवढंच.

"थांब ना!" तो खेकसला. मग रावेरापुढे येऊन उभा राहिला. "मग आणखी एक ओळ लिहा. लिहा की बुजवलेलं भोक बोटाला लागत नाही."

"नोंदीत स्तुतीला रकाना नसतो."

"स्तुती कोण मागतंय? खरं आहे ते लिहा. डोळे मिटा. मिटा म्हणतो ना. हात फिरवा."

रावेरानं टर्पस्ट्राकडे पाहिलं, एर्मेलिंदाकडे पाहिलं. मग, निळ्या सुटासकट, तो गाडीत वाकला, डोळे मिटले आणि भिंतीवरून बोटं फिरवू लागला. डावीकडून उजवीकडे. वरून खाली. परत.  टर्पस्ट्रानं हातातली किल्ली खिशात टाकली, वाजू नये म्हणून.

रावेरा बाकावर परत आला आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"रकाना नाही," तो म्हणाला. "समासात लिहितो."

त्यानं समासात बारीक अक्षरात लिहिलं, कागद फिरवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. गाउदेन्झोनं समासातली ओळ वाचली. दोनदा वाचली. मग पेन सुजलेल्या हातात हातोडीसारखं धरलं आणि सही केली. इतकी दाबून, की शेवटच्या अक्षराशी कागद फाटला.

"अरे देवा," रावेरा म्हणाला.

"आता काय?"

"फाटलेली नोंद चालत नाही. सगळं पुन्हा लिहावं लागेल."

गाउदेन्झोनं अशी शिवी दिली, की टर्पस्ट्रानं एर्मेलिंदाला तिचा अर्थ विचारला, आणि एर्मेलिंदानं सांगितला नाही. रावेरानं दुसरा कागद काढला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. गाडी मूळ हलकी आहे. तीनशे अठरा. चीज. गाउदेन्झो पेरोना. गाउदेन्झो त्याच्या डोक्यावर उभा राहून शब्द न् शब्द बघत होता, आणि समासापाशी येताच त्यानं बोट टेकवलं.

"इथे," तो म्हणाला. "हे विसरू नका."